सावलीचा ठसा: कॅमेऱ्याशिवायच्या छायाचित्रांविषयी

जुना जालन्यातल्या या व्याख्यानाला आलेल्यांचे आभार, आणि हे नंतर वाचणाऱ्यांचेही. सुरुवातीलाच एक खुलासा करतो. बोलणारा एक दिसत असला तरी आज आम्ही 'आम्ही' म्हणूनच बोलणार आहोत. महिन्यातून एकदा जमून चित्रं बघणारे, त्यावर वाद घालणारे आम्ही चार-पाच जण आहोत. जे सांगणार आहोत ते त्या वादातूनच निघालं आहे. मतभेद जिथे मिटले नाहीत तिथे तसं सांगू.

विषय आहे कॅमेरा न वापरता केलेली छायाचित्रं. हे म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'कॅमेरा नाही, मग फोटो कसला?' प्रश्न रास्त आहे. पण मराठीत तो विचारताना आपण एक गोष्ट विसरतो. फोटोला आपण छायाचित्र म्हणतो. छाया म्हणजे सावली. सावलीचं चित्र. लग्नातला फोटो किंवा आधार कार्डावरचा फोटो, यांत सावलीचं चित्र कुठं असतं? तिथं भिंगातून आलेली प्रतिमा असते. कागदावर थेट वस्तू ठेवली, वरून प्रकाश टाकला आणि वस्तूची सावली कागदावर उमटली, तर ते शब्दशः छायाचित्र. म्हणजे ज्या प्रकाराला आपण विचित्र समजतो त्यालाच हा शब्द सगळ्यात चपखल बसतो. बाकीच्यांनी तो उसना घेतलेला आहे.

हे नुसते शब्दांचे खेळ नाहीत. हेन्री फॉक्स टॅलबॉट या इंग्रज गृहस्थानं १८३९ साली आपला शोध जाहीर केला, तेव्हा सावली जखडून ठेवण्याची कला अशाच अर्थानं त्यानं तिचं वर्णन केलं. पानं, लेस कागदावर दाबून उन्हात ठेवायची, ही त्याची पद्धत. त्याच्याही आधी, १८०२ साली, थॉमस वेजवुड आणि हम्फ्री डेव्ही यांनी असे ठसे मिळवल्याचं लिहून ठेवलं आहे. अडचण एकच होती, ते टिकत नसत. उजेडात आणले की सगळा कागद काळा पडे. मेणबत्तीच्या मिणमिणत्या प्रकाशात चोरून बघायचे.

आता 'हे आपल्याकडचं नाही' असं कुणाला वाटत असेल तर तीन उदाहरणं देतो. पहिलं, एक्स-रे. १८९५ च्या डिसेंबरात रोंटगेननं आपल्या बायकोच्या हाताचा एक्स-रे काढला. हाडं आणि बोटातली अंगठी. त्यात कॅमेरा नव्हता. हात, किरण आणि काचेची फोटोची प्लेट, एवढंच. गुडघा दुखतो म्हणून दवाखान्यात जाऊन फिल्म घेऊन आलेल्या प्रत्येकाच्या घरी कॅमेऱ्याशिवायचं छायाचित्र असतं. दुसरं, अमोनिया प्रिंट. घराच्या, प्लॉटच्या, रस्त्याच्या नकाशांच्या त्या निळ्या-जांभळ्या रेघांच्या प्रती पन्नाशीपुढच्या सगळ्यांनी हाताळल्या असतील. ट्रेसिंग पेपरवरचा नकाशा रसायन लावलेल्या कागदावर ठेवायचा, दिव्याखालून न्यायचा, मग अमोनियाची वाफ द्यायची. जिथं रेघेची सावली पडली तिथंच रंग उमटतो. तिसरं, लग्नपत्रिका. स्क्रीन प्रिंटिंगवाला जाळीवर इमल्शन लावतो, त्यावर अक्षरांचं पॉझिटिव्ह ठेवतो, काच दाबतो आणि उन्हात धरतो. ऊन लागलेला भाग कडक होतो, अक्षरांच्या सावलीतला भाग पाण्यानं धुऊन निघतो. त्या मोकळ्या जागेतून शाई उतरते आणि 'आमचे येथे श्रीकृपेकरून' छापलं जातं. तेही सावलीचंच काम.

तेव्हा ज्या कलावंतांबद्दल बोलायचं आहे त्यांनी काही जादू केली असं समजू नका. कारागीर, डॉक्टर आणि ड्राफ्ट्समन जे रोज वापरत होते, त्याकडे त्यांनी वेगळ्या हेतूनं पाहिलं. तो हेतू किती सच्चा होता आणि हाती काय लागलं, हे तपासणं हे आपलं आजचं काम.

पहिलं नाव ॲना ॲटकिन्स. १७९९ चा जन्म. १८४२ साली जॉन हर्शेलनं सायनोटाइपची रीत शोधली आणि पुढच्याच वर्षापासून या बाईंनी ब्रिटनमधल्या समुद्रशैवालांचे निळे ठसे काढून त्यांचं पुस्तक भागाभागानं प्रसिद्ध करायला सुरुवात केली. दहा वर्षं ते काम चाललं. छायाचित्रांचं पहिलं पुस्तक म्हणून त्याचा मान आहे. त्यातला मजकूरही खिळ्यांनी छापलेला नाही, बाईंच्या हस्ताक्षराचाच निळा ठसा आहे. पुढे एका संग्राहकाला पुस्तकावर नुसती आद्याक्षरं दिसली, तर त्यानं ती कुणा निनावी हौशी माणसाची समजली. हे वाचून आमच्यातल्या बायका जास्त हसल्या नाहीत.

या सायनोटाइपमध्ये जालनेकरांना जवळचं वाटावं असं काही आहे. त्यातला निळा रंग लोखंडाचा आहे. लोहाचे दोन क्षार पाण्यात मिसळून कागदाला लावायचे, वाळवायचे, उन्हात ठेवायचं. अतिनील किरणांनी लोहाची अवस्था बदलते आणि प्रशियन ब्लू तयार होतो. सावलीतला भाग तसाच राहतो, तो पाण्यानं धुऊन पांढरा निघतो. ज्या गावाची ओळख सळईच्या कारखान्यांमुळं आहे, तिथं लोखंडाचं चित्रही होऊ शकतं हे कळल्यावर आम्हाला बरं वाटलं, हे कबूल करतो. आणि ऊन तर काय, आपल्याकडं तोटाच नाही. आम्ही गच्चीवर करून पाहिलं. कडुनिंबाची डहाळी ठेवा, सुंदर येते. मेथीची काडी ठेवा, तीही सुंदर येते. बाभळीचा काटा, मोसंबीचं पान, काहीही ठेवा.

आणि नेमकी तिथंच आमची पहिली तक्रार सुरू होते. काहीही ठेवलं तरी सुंदर येत असेल, तर त्या सौंदर्याचं श्रेय कुणाचं? निळ्या रंगाचं, पानाचं, उन्हाचं. आपलं फार थोडं. या माध्यमात वाईट चित्र काढणं अवघड आहे, हाच त्यातला मोठा धोका. ॲटकिन्सबाईंचं काम वेगळं वाटतं ते एवढ्यासाठी की त्यांना सुंदर चित्र नको होतं. त्यांना शैवालाची जात ओळखता यावी असा ठसा हवा होता. गरज होती, शिस्त होती, नाव लिहिलेलं होतं. सौंदर्य मागून आलं. आज भेटकार्डांवर जे निळे फर्न दिसतात त्यांत पानाला नाव नसतं.

दुसरा टप्पा पहिल्या महायुद्धानंतरचा. क्रिस्टियान शाड यानं १९१९ साली जिनिव्हात रस्त्यावरच्या कपट्यांचे, चिंध्यांचे, तिकिटांचे छोटे ठसे केले. मॅन रे यानं पॅरिसमध्ये १९२२ साली बारा चित्रांचा संच काढला. त्याच सुमारास बर्लिनमध्ये मोहोली-नाज यानं फोटोग्राम सुरू केले. तिघांतला फरक आम्हाला असा वाटतो. शाड कचरा उचलतो, त्यामुळं त्याची चित्रं युद्धानंतरच्या शहराचा चुरा वाटतात. मॅन रे ओळखीची वस्तू घेतो आणि ती ओळखू येऊ नये अशी मांडतो. त्यात हुशारी आहे, पण दहा चित्रं बघितली की हातचलाखी कळायला लागते. मोहोली-नाजला वस्तूत रसच नाही. त्याला प्रकाश हाच माल वाटतो, जसा सुताराला लाकूड. त्याच्या चित्रात हात येतो तेव्हा तो कुणाचा हात आहे हे महत्त्वाचं नसतं. प्रकाश अडवणारी एक वस्तू, एवढंच.

इथं एक गोष्ट नोंदवली पाहिजे. डार्करूमचं तंत्र ज्यांना चांगलं ठाऊक होतं त्या ल्युसिया मोहोली या त्याच्या पत्नी. दोघांनी मिळून ते प्रयोग केले, नाव मात्र बराच काळ एकाचंच राहिलं. ठसा हा कधीच खोटं बोलत नाही असं म्हणतात. खरं आहे. पण तो कुणी काढला, हे तो स्वतःहून सांगत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तिसरा टप्पा आपल्या काळातला. २०१० साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये अशा पाच कलावंतांचं एकत्र प्रदर्शन झालं. फ्लोरिस नॉयस्युस, पिएर कोर्डिए, गॅरी फेबियन मिलर, सुझन डर्जेस आणि ॲडम फस. आम्ही ही चित्रं पुस्तकांतून आणि पडद्यावर पाहिली आहेत. डर्जेसबाईंची चित्रं माणसाच्या उंचीची आहेत, ती तळहाताएवढ्या पडद्यावर बघणं म्हणजे डोंगराचा पोस्टकार्डावरचा फोटो बघणं. तेव्हा आमचं मत तेवढ्याच वजनाचं धरा.

कोर्डिएपासून सुरुवात करतो, कारण त्याच्यावर आमचं भांडण झालं. १९५६ साली यानं फोटोच्या कागदावर नखांच्या रंगानं काही लिहिलं, मग तो कागद रसायनांत बुडवला, आणि जे रंग-आकार उमटले त्यावर पुढं आयुष्यभर काम केलं. यात सावली नाही. कागद, रसायन आणि चिकाटी. एकाचं म्हणणं, हे चित्रकलेत टाका. दुसऱ्याचं म्हणणं, कागद फोटोचा आहे ना, मग झालं. आमचं बहुमत पहिल्याच्या बाजूनं गेलं. वस्तूची आणि प्रकाशाची गाठ पडल्याशिवाय छायाचित्र नाही. कोर्डिएची चित्रं बघायला आवडतात, पण ती कशाची साक्ष देत नाहीत.

मिलरनं १९८० च्या दशकात पानं, फुलं थेट एन्लार्जरमध्ये, फिल्मच्या जागी ठेवली. म्हणजे पानाचा फोटो नाही, पानच निगेटिव्ह. वसंतात कोवळं हिरवं, मग गडद, मग तांबूस, असं झाडाचं वर्ष तो ओळीनं मांडतो. हे बघताना आम्हाला दादासाहेब फाळके आठवले. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली होती. फाळक्यांना कॅमेरा काय करू शकतो हे दाखवायचं होतं, मिलरला कॅमेऱ्यावाचून काय होतं ते. पण धीर तोच. रोज त्याच रोपापाशी, त्याच झाडापाशी जायचं. मिलरची नंतरची चित्रं, नुसत्या रंगीत प्रकाशाची वर्तुळं आणि चौकोन, आमच्यावर तेवढी चढली नाहीत. ती शांत आहेत हे खरं. पण शांतता विकत मिळावी तशी आहेत.

डर्जेस मात्र वेगळ्या. इंग्लंडच्या डेव्हनमध्ये टॉ नावाची नदी आहे. रात्रीच्या अंधारात फोटोचा मोठा कागद ॲल्युमिनियमच्या पेटीत घालून त्या नदीच्या पाण्याखाली धरायच्या आणि वरून क्षणभर फ्लॅश मारायच्या. लाटांची, काठावरच्या फांद्यांची सावली कागदावर. चंद्रप्रकाश असेल तर त्याचीही छटा. याविषयी लिहिणारे म्हणतात, नदीनं स्वतःचं चित्र स्वतः काढलं. आम्हाला हे पटत नाही. जागा बाईंनी निवडली, रात्र बाईंनी निवडली, फ्लॅशही त्यांचाच. नदी आपलं चित्र काढत नाही. पण नदीला त्या चित्रात 'नाही' म्हणता येतं, हे खरं. पाणी गढूळ असेल, फार वेगात असेल, तर बाईंच्या मनासारखं होणार नाही. ज्या कामात समोरच्या वस्तूला नकार देता येतो ते काम आम्हाला मोठं वाटतं.

मग आमच्यातल्या एकानं विचारलं, हाच कागद कुंडलिकेत धरला तर? प्रश्न थट्टेचा नव्हता. जुना जालना आणि नवा जालना यांच्या मधून ही नदी जाते. मे महिन्यात तिथं कागद बुडवायला पाणी शोधावं लागेल. दगड, गाळ, प्लास्टिकच्या पिशव्या, वेड्या बाभळीची फांदी यांचा ठसा येईल. सायनोटाइप धुवायलासुद्धा दोन-तीन बादल्या पाणी लागतं, आणि २०१२-१३ चा दुष्काळ ज्यांनी इथं काढला त्यांना बादलीची किंमत सांगायला नको. टॉ नदीवरच्या चित्रात पाणी गृहीत धरलेलं आहे. इथं ते धरता येत नाही. यानं डर्जेसबाईंचं काम लहान होत नाही. मात्र त्यांची रीत उचलून इथं आणली तर तेच सुंदर चित्र येणार नाही, यायलाही नको. कुंडलिकेचा खरा ठसा कुरूप येईल, आणि तो काढायला कुणी तयार झालं तर आम्ही पेटी धरायला येऊ.

आता आपल्या मुंबईकडे. १९६९ साली चित्रकार अकबर पदमसी यांना नेहरू फेलोशिप मिळाली. ते पैसे त्यांनी एकट्यानं वापरले नाहीत. व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप नावाची एक जागा उभी केली. चित्रकार, छायाचित्रकार, फिल्मवाले तिथं येऊन एकमेकांची साधनं हाताळायचे. साधारण १९७२ पर्यंत ते चाललं. तिथं पदमसींनी दोन फिल्म केल्या. 'सिझिजी' ही रेषांच्या गणिती रेखाटनांवरून केलेली. आणि 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर'. या दुसरीची प्रत एकच होती, आणि ती हरवली. २०१६ मध्ये आशिम अहलुवालिया यांनी म्हाताऱ्या पदमसींना सोबत घेऊन त्या हरवलेल्या फिल्मवर नवी फिल्म केली. २०२० च्या जानेवारीत पदमसी गेले.

त्याच वर्कशॉपमध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या, तेवीस वर्षांच्या नलिनी मलानी होत्या. त्यांनी तिथं डार्करूममध्ये कॅमेऱ्याशिवायची छायाचित्रं केली आणि 'ड्रीम हाउसेस' ही छोटी फिल्म केली. इमारतीची प्रतिकृती, तिच्यावर रंगीत प्रकाश, फ्रेम-फ्रेम करून घेतलेली. नव्या देशाचं नवं घर, चार्ल्स कोरियांच्या पिढीचं स्वप्न. १९७६ मध्ये त्यांनी त्याच्या शेजारी दुसरी फिल्म ठेवली, काळी-पांढरी. एक तरुण बाई मुंबईकडे बघते आहे, आणि तिला दिसणारं शहर त्या स्वप्नातलं नाही. दोन्ही मिळून नाव 'यूटोपिया'.

आमच्या मते मोहोली-नाजकडून शिकून त्याला मागं टाकणारं काम ते हेच. मोहोलीचा प्रकाश शुद्ध आहे. मलानींच्या प्रकाशात घर आहे, आणि ते घर कुणाला मिळालं नाही हेही आहे. पुढं त्यांनी पारदर्शक मायलारच्या फिरत्या दंडगोलांवर चित्रं रंगवून त्यांतून प्रकाश सोडला. २०१२ साली कासेलच्या डॉक्युमेंटामध्ये 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड' हे तसं काम होतं. भिंतीवर सावल्या सरकतात, एकमेकींत मिसळतात, निघून जातात. हा न जखडलेला फोटोग्रामच. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या दिव्यासमोर नाचवतात, त्याची आठवण आम्हाला होणारच. टॅलबॉटला सावली पकडायची होती. मलानी आणि पिंगुळीकर ती सोडून देतात. दोन्हींत धैर्य लागतं.

आता कळीचा मुद्दा. फोटोग्रामला निगेटिव्ह नसतं. एकच प्रत. हरवली की पदमसींच्या फिल्मसारखी हरवली. आणि आपल्याकडं ठसे हरवतात त्याचा कुणी हिशेब ठेवत नाही. जुन्या एक्स-रे फिल्मा भंगारात जातात, कारण त्यांतून चांदी निघते. अमोनिया प्रिंट फिकट होतात. एखाद्या वाड्याचा एकमेव नकाशा त्यात पुसला जातो.

आणि दुसरा ठसा, अंगठ्याचा. आपल्या भाषेत 'अंगठाबहाद्दर' ही शिवी आहे आणि 'अंगठा उठवणं' हा पुरावा आहे. एकाच ठशाला हिणवायचं आणि त्याच्यावरच सातबारा फिरवायचा. आज रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा ठेवतात. ज्यांनी आयुष्यभर ऊस तोडला, कापूस वेचला, विटा वाहिल्या त्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि मशीनला त्या सापडत नाहीत. म्हणजे काम करकरून ठसाच गेला. मघाचं वाक्य आता पुन्हा ऐका: ठसा खोटं बोलत नाही, पण कुणाचा ते स्वतःहून सांगत नाही. ते सांगायला माणूस लागतो, शेजारी लिहिलेलं नाव लागतं.

म्हणून या कलावंतांना तोलण्याची आमची कसोटी साधी आहे. वस्तूनं कागदाला खरंच स्पर्श केला का, आणि त्या वस्तूचं नाव कलावंताला ठाऊक आहे का. ॲटकिन्स दोन्हींत उतरतात. डर्जेस उतरतात. मलानी उतरतात, आणि शिवाय घर कुणाचं हेही विचारतात. मॅन रे पहिल्यात उतरतो, दुसरं त्याला मुद्दाम नको आहे. निळ्या फर्नची भेटकार्डं दुसऱ्यात नापास.

आमच्यातल्या एकाला ही कसोटी फार कडक वाटते. त्याचं म्हणणं, नुसतं सुंदर असण्याचाही हक्क चित्राला असावा. त्याचं मत इथं नोंदवून ठेवतो, कारण ते खोडून काढणं आम्हाला अजून जमलेलं नाही.

जाताना एवढंच सांगतो. घरी जुना एक्स-रे असेल तर भंगारात देण्याआधी खिडकीशी धरून बघा. कडेला नाव आणि तारीख आहे का तेही बघा. नसेल तर लिहून ठेवा, आजीचा गुडघा, अमुक साल. प्रश्न असतील तर आता घेऊ.